संगणकीय पुरावा: न्यायसहायक विज्ञानापुढील काही प्रश्न

१८७२ चा भारतीय पुरावा कायदा रचला गेला तेव्हा माणसाची तोंडी साक्ष, कागद आणि डोळ्यांना दिसणारी वस्तू ह्यांपलीकडचा पुरावा रचनाकारांच्या कल्पनेत असणे शक्य नव्हते. दस्तऐवज म्हटला की त्याचे मूळ एक, आणि नक्कल ही मुळाहून कमी योग्यतेची, हे त्या कायद्याचे एक गृहीतकृत्य होते. संगणकातील नोंदीला ते लागू पडत नाही. तिची नक्कल मुळाहून कोणत्याही अंशी भिन्न नसते. आणि मूळ म्हणून जे दाखवावयाचे, ती चुंबकीय तबकडीची अथवा स्मृतिघटकांतील विद्युत्भाराची एक अवस्था असते. ती अवस्था न्यायाधीशाला कधीच दिसत नाही. त्याला दिसते ते कोणत्या तरी आज्ञावलीने त्या अवस्थेचे केलेले भाषांतर. हे भाषांतर कितपत भरवशाचे मानावे, हा डिजिटल न्यायसहायक विज्ञानाचा मूळ प्रश्न होय. प्रस्तुत लेखात ह्या शास्त्रापुढील सर्व अडचणींची यादी देण्याचा उद्देश नाही; ज्या अडचणींतून संशोधनाला वाट फुटते अशा काहींचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न किती व्यवहारातला आहे हे दाखविणारा एक खटला महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल ह्यांच्याहून अवघी २९६ मते अधिक मिळवून निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा आक्षेप उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे घेण्यात आला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात त्या दिवशी चित्रण चालू होते, आणि त्या चित्रणाच्या तबकड्या न्यायालयापुढे होत्या. नव्हते ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र. आक्षेप घेणाऱ्यांनी ते वारंवार मागितले. ज्यांच्या ताब्यात यंत्रे होती त्या अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची उलटतपासणीतील तोंडी साक्ष पुरेशी मानून निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने कायमचा दंडक घालून दिला: नक्कल सादर करावयाची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही, मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणले, तर मात्र प्रमाणपत्राचे कारण नाही. निवडणूक तरीही रद्दच राहिली. कारण चित्रण बाजूला ठेवले तरी उरलेला पुरावा पुरेसा आहे, आणि जे मिळविण्यासाठी पक्षकाराने शक्य ते सर्व केले ते त्याला मिळाले नाही म्हणून कायदा त्याला अशक्य गोष्टीस भाग पाडीत नाही, असे न्यायालयाने मानले.

ह्या दंडकापर्यंत पोहोचावयास बराच काळ लागला. कलम ६५ ब हे माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर २००० साली आले; त्याचा साचा इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातून घेतलेला होता, आणि गमतीची गोष्ट अशी की खुद्द इंग्लंडने तो साचा १९९५ मध्येच टाकून दिला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्रमाणपत्रावाचून चालेल असे म्हटले, २०१४ मध्ये चालणार नाही असे म्हटले, २०१८ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा सवलत दिली आणि २०२० मध्ये ती सवलत काढून घेण्यात आली. ह्या पंधरा वर्षांत खालच्या न्यायालयांची आणि पोलिसांची काय त्रेधा उडाली असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आहे. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्ही भागांत नोंदीचे हॅश-मूल्य लिहावयाचे असते. कायद्याच्या परिशिष्टात गणितातील एका फलनाला स्थान मिळावे ही घटना आमच्या मते लक्षणीय आहे. म्हणूनच हे मूल्य काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हॅश-फलन कोणत्याही लांबीच्या अंकमालिकेपासून ठराविक लांबीची एक संख्या काढते. एमडी-५ ह्या फलनाची संख्या १२८ द्विमान अंकांची, एसएचए-१ ची १६० ची, एसएचए-२५६ ची २५६ ची. मूळ मालिकेतील एकही अंक बदलला की निघणारी संख्या ओळखू न येण्याइतकी बदलते. जप्तीच्या वेळी काढलेले मूल्य आणि न्यायालयात काढलेले मूल्य जुळले, तर मधल्या काळात मालिका तीच राहिली असे मानण्यास जागा होते. आता ह्या फलनांतली दुबळी कोणती हे पाहू. २००४ मध्ये चिनी गणिती श्याओयुन वांग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एमडी-५ चे मूल्य समान असलेल्या दोन भिन्न मालिका प्रत्यक्ष तयार करून दाखविल्या. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची गणित व संगणनशास्त्र संस्था आणि गूगल ह्यांनी एसएचए-१ विषयी तेच केले. असे असता नव्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात ह्या दोन्ही फलनांची नावे एसएचए-२५६ च्या शेजारी, निवडीसाठी, समान मानाने छापलेली आहेत.

ह्यावरून जुने सगळे पुरावे निकामी झाले असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल, आणि बचावाच्या बाजूने तो पुष्कळदा घाईने काढला जातो. समान मूल्याच्या दोन मालिका स्वतः जुळवून तयार करणे ही एक गोष्ट. आणि दुसऱ्याने दिलेल्या विवक्षित मालिकेशी जुळणारी वेगळी मालिका शोधून काढणे ही अगदी वेगळी गोष्ट. पहिली साध्य झालेली आहे. दुसरी एमडी-५ च्या बाबतीतही कोणाला व्यवहारात साधलेली नाही. तेव्हा जप्त तबकडीची प्रत ताब्यात आल्यानंतर तिच्यात फेरफार करून जुने मूल्य कायम ठेवणे पोलीस अंमलदाराच्या आवाक्यातले नाही. परंतु जप्तीच्या पूर्वी ज्याच्या हाती मजकूर होता, त्याने दोन जुळ्या फायली अगोदरच करून ठेवल्या असतील, एक निर्दोष व एक घातक, तर त्यांतली कोणती कोणती हे एमडी-५ सांगू शकणार नाही. धोका आहे तो इतकाच. पण विद्यार्थ्यांनी तो इतकाच आहे हे नेमके सांगता येण्याइतका अभ्यास केला पाहिजे.

याहून खोल अडचण अशी की हॅश-मूल्याची साक्ष ते काढल्या क्षणापासून पुढची असते, मागची नव्हे. लखोटा मोहोरबंद झाल्यानंतर फुटला नाही एवढे मोहोर सांगते. लखोट्यात खरे पत्र घातले की खोटे, ह्याविषयी ती मुकी असते. शिवाय मोहोर लावण्यापूर्वी वस्तू स्थिर असली पाहिजे. जुन्या चुंबकीय तबकडीला लेखनरोधक उपकरण जोडून तिची प्रत काढली, तर दहा वेळा काढलेल्या प्रतींचे मूल्य एकच येई, आणि ह्या शास्त्राची बहुतेक कार्यपद्धती त्या तबकडीला समोर ठेवून आखली गेली. अमेरिकन संशोधक सिमसन गार्फिंकेल ह्यांनी २०१० च्या एका निबंधात १९९९ ते २००७ हा काळ ह्या शास्त्राचे सुवर्णयुग म्हणून वर्णिला आणि ते संपत आल्याचा इशारा दिला, तो ह्याच अर्थाने.

आजच्या स्थायुस्थितीतील स्मृतिसाठ्यांचे वर्तन निराळे आहे. फाईल पुसली की कार्यप्रणाली साठ्याच्या नियंत्रकाला रिकाम्या झालेल्या जागा कळविते, आणि नियंत्रक सवडीने त्या जागा खरोखरच कोऱ्या करतो. हे काम साठ्याच्या आतच चालते. त्याला केवळ वीज पुरते. लेखनरोधक बाहेरच्या आज्ञा अडवितो, आतल्या नियंत्रकाला अडवीत नाही. ऑस्ट्रेलियातील बेल आणि बॉडिंग्टन ह्या संशोधकांनी २०१० मध्ये असे दाखविले की झटपट पुसलेला साठा नुसता विजेवर ठेवला तर काही मिनिटांत त्यातील बहुतेक मजकूर नाहीसा होऊ शकतो. म्हणजे पुरावा नष्ट होण्यास कोणाचा हेतू असावा लागत नाही; परीक्षकाने यंत्र चालू करणे पुरे होते. भ्रमणध्वनीची गोष्ट तर ह्याहून अवघड. त्यातून माहिती काढावयाची तर तो बहुधा चालूच असावा लागतो, आणि चालू यंत्र क्षणोक्षणी स्वतःच्या नोंदी बदलीत असते. एकाच भ्रमणध्वनीची सकाळी व दुपारी प्रत काढली तर दोन मूल्ये निघतील आणि दोन्ही प्रामाणिक असतील. प्रमाणपत्रातील रकाना मात्र एकच मूल्य मागतो. ते मूल्य संपूर्ण यंत्राचे नसून विवक्षित वेळी विवक्षित पद्धतीने काढलेल्या उताऱ्याचे आहे, हे स्पष्ट लिहिण्याची प्रथा पाडणे हा ह्यावरचा तूर्तचा उपाय दिसतो.

सांकेतिकीकरणाने ह्या अडचणीत भर घातली आहे. २०१५ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या हत्याकांडानंतर हल्लेखोराचा आयफोन उघडून देण्याविषयी ॲपल कंपनीला न्यायालयाचा आदेश झाला. कंपनीने विरोध केला. आणि मार्च २०१६ मध्ये एका त्रयस्थ पक्षाकडून फोन उघडून मिळाल्याने सरकारने अर्ज मागे घेतला. त्या वेळी चर्चा झाली ती नागरिकाच्या खासगीपणाची. पुराव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. कुलूप उघडण्याची युक्ती हे व्यापारी गुपित असेल, तर तज्ज्ञाने न्यायालयात कशाची साक्ष द्यावयाची? आपले यंत्र काय करते हे त्याला ठाऊक नसते, ठाऊक असले तर सांगता येत नाही. २०२१ मध्ये सिग्नल ह्या संदेशवहन सेवेच्या जनकाने अशा एका प्रसिद्ध व्यापारी साधनातील दोष जाहीर केले. तपासल्या जाणाऱ्या फोनमध्ये विशिष्ट रचनेची फाईल ठेवून त्या साधनाचे अहवालच बदलता येतील, असा त्याचा दावा होता. साधन परीक्षणाखाली असलेल्या वस्तूकडूनच बिघडू शकते, ही कल्पना रसायनशाळेतील परीक्षकाला अपरिचित नाही. आमच्या शाखेत ती अजून रुजावयाची आहे.

आपल्या देशात येथे घटनेचाही प्रश्न उद्भवतो. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड ह्या १९६१ च्या निर्णयात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने देण्यास आरोपीला भाग पाडणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्षीदार बनविणे नव्हे, असे ठरविले. त्या काळी ठसा ओळख पटविण्यासाठी घेतला जाई. आज तोच ठसा आरोपीच्या आयुष्यातील दहा वर्षांच्या पत्रव्यवहाराचे दार उघडतो. सांकेतिक अंक मात्र आरोपीच्या मनात असतो, आणि तो सांगणे हे साक्ष देण्याच्या फार जवळ जाते. बोट लावले तर ठसा, आकडा सांगितला तर साक्ष: एकाच दाराच्या दोन किल्ल्यांमध्ये कायद्याने असा भेद का करावा, ह्याचे उत्तर १९६१ च्या निर्णयातून सरळ निघत नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविल्यानंतर हा प्रश्न अधिकच धारदार झाला आहे.

कालनिर्देशाची अडचण वरकरणी किरकोळ वाटते, परंतु खटले तिच्यावर फिरतात. विंडोज प्रणालीची आजची फाईलव्यवस्था काळ मोजते तो १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, आणि जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. जुन्या फॅट व्यवस्थेत, जी कॅमेऱ्यांच्या स्मृतिपट्ट्यांत दीर्घकाळ चालत आली, बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने व स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिली जाते. ते घड्याळ कोणत्या देशाचे हे लिहिलेले नसते. रात्री ८ वाजता घेतलेले छायाचित्र परीक्षकाने जागतिक वेळेतले समजून भारतीय वेळेत आणले, तर ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे दीडचे होते. साडेपाच तासांच्या ह्या चुकीने एखाद्याची अन्यत्र हजर असल्याची सबब खरी असता खोटी पडू शकते. चूक साधनाची नाही, वाचणाऱ्याची आहे.

वाचणाऱ्याच्या चुकांचा अभ्यास अगदी अलीकडे सुरू झाला. नीना सुंदे आणि इटिएल ड्रोर ह्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५३ परीक्षकांना एकाच तबकडीची प्रत तपासावयास दिली. प्रकरणाची पार्श्वभूमी मात्र वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली. आरोपी निर्दोष असल्याकडे झुकणारी हकीकत ज्यांना सांगितली होती त्यांना खुणा कमी सापडल्या. आणि एकच हकीकत ऐकलेल्यांतही आपसांत एकवाक्यता बेताचीच होती. ज्या शास्त्राची सामग्री शून्य आणि एक ह्या दोनच अंकांची, त्याचे निष्कर्ष तरी निर्विवाद असतील, ही समजूत ह्या प्रयोगाने ढासळविली. परीक्षकाला पोलिसांचा संपूर्ण तपासवृत्तान्त आधी वाचावयास देऊ नये, त्याने काय शोधावयाचे एवढेच लिहून द्यावे, अशी जी सूचना ठशांच्या व हस्ताक्षरांच्या शाखांत पूर्वीच झाली आहे, ती येथेही लागू करून पाहण्यासारखी आहे. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही.

यंत्र बरोबर चालते असे गृहीत धरल्याने काय होते ह्याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. तेथील १९८४ च्या कायद्यात संगणक नीट चालत होता हे सिद्ध करण्याचे ओझे पुरावा देणाऱ्यावर होते. ते कलम १९९९ च्या कायद्याने रद्द झाले आणि न्यायालये यंत्राला विश्वासार्ह धरून चालू लागली. टपाल खात्याच्या होरायझन ह्या हिशेबप्रणालीने दाखविलेल्या तुटीवरून १९९९ ते २०१५ ह्या काळात ९०० हून अधिक उपटपालप्रमुखांना अपहार, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरविण्यात आले. काहींना कारावास भोगावा लागला. प्रणालीतच दोष होते हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा पुसून टाकाव्या लागल्या. आमच्या प्रमाणपत्राच्या अटीची कटकट करणाऱ्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये. उलट बाजूही आहे. २००३ मध्ये लंडनच्या एका न्यायालयात ह्यूस्टन बंदराच्या संगणकांवर हल्ला केल्याचा आरोप असलेल्या तरुणाने, आपल्या संगणकाचा ताबा दुसऱ्यानेच गुप्त आज्ञावलीने घेतला होता, असा बचाव केला. तशी आज्ञावली तपासणीत सापडली नव्हती. ज्यूरीने त्याला तरीही निर्दोष सोडले. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे, पण किती काटेकोर शोधानंतर न सापडल्यास ते नसण्याच्या जवळ जाते, ह्याचे माप आमच्या शास्त्राजवळ नाही. ते तयार करणे हे संख्याशास्त्राच्या अभ्यासकांचे काम आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेल्या चित्र-ध्वनीविषयी इतके लिहिले जात आहे की येथे थोडक्यात सांगितलेले बरे. जालन्याच्या खटल्यात चित्रण खरे की खोटे हा वाद नव्हताच. पुढच्या खटल्यांत तो पहिलाच असेल. कॅमेऱ्याच्या संवेदकाच्या सूक्ष्म दोषांवरून छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याचे हे ओळखण्याची पद्धत लुकाश, फ्रिड्रिख व गोल्यान ह्यांनी २००६ मध्ये मांडली. संदेशवहन सेवा चित्रे दाबून लहान करतात, त्यात हे सूक्ष्म चिन्ह क्षीण होते. तेव्हा खोटे ओळखण्याच्या शर्यतीपेक्षा खऱ्याची उत्पत्ती नोंदवून ठेवण्याकडे लक्ष देणे अधिक फलदायी होईल असे वाटते.

शेवटी ज्या प्रश्नाकडे परदेशी संशोधक लक्ष देण्याचा संभव नाही, त्याविषयी. परीक्षक तबकडीत शब्द शोधतो तेव्हा तो अक्षरे शोधीत नसून अंकांची माळ शोधीत असतो. मराठी मजकुराची माळ एक नाही. युनिकोडमधील देवनागरी अक्षर एका मांडणीत दोन बाइटांचे, दुसऱ्या मांडणीत तीन बाइटांचे. ‘सातबाऱ्या’ ह्या शब्दातील आडवा रफार स्वतंत्र ‘ऱ’ पासून घडविता येतो, साध्या ‘र’ खाली नुक्ता देऊन घडविता येतो, आणि ‘र’ पुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवूनही घडविता येतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच, अंकमाळा तीन. एक शोधणाऱ्या परीक्षकाला उरलेल्या दोन सापडत नाहीत, आणि अहवालात ‘शब्द आढळला नाही’ असे नोंदले जाते.

युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या मजकुराची स्थिती अधिक बिकट आहे. १९९० नंतरच्या दोन दशकांत जमिनींचे व्यवहार, संस्थांचे ठराव, वृत्तपत्रांचे अंक पुण्याच्या सी-डॅकच्या अथवा श्री-लिपीसारख्या खासगी टंकसंचांत टंकलिखित झाले. ह्या संचांत अंक अक्षराचा नसून अक्षराच्या तुकड्याचा असतो: अर्धा ‘ग’ निराळा, त्याचा काना निराळा, ऱ्हस्व वेलांटी छपाईच्या क्रमाने व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. फाईल अखंड असेल तर टंकाचे नाव मिळते आणि रूपांतर करता येते. पुसलेल्या फाईलचा तुकडा तेवढा उरला असेल तर टंकाचे नाव गेलेले असते, आणि साधनाला तो तुकडा रोमन अक्षरांचा अर्थशून्य कचरा दिसतो. त्यात रोमन लिपीतून लिहिलेल्या मराठीची भर: ‘आहे’ हा शब्द कोणी एका ‘ए’ ने लिहितो, कोणी दोन.

कोणत्या टंकसंचात कोणता तुकडा किती वेळा येतो ह्याच्या वारंवारतेवरून केवळ तुकड्यावरून टंक ओळखणे, ही रीत गणिताच्या दृष्टीने नवीन नाही. परंतु तिच्यासाठी लागणारा, मजकूर आधीच ठाऊक असलेला चाचणीसंग्रह मराठीपुरता कोणीतरी जमवावयास हवा. प्रत्येक टंकसंचात ज्ञात मजकूर टंकून, जुन्या व नव्या साठ्यांवर ठेवून, काही भाग हेतुतः पुसून, प्रचलित साधनांना त्यातले किती सापडते हे मोजता येईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने साधनांच्या चाचणीचा उपक्रम कित्येक वर्षे चालविला आहे, आणि त्याची कार्यपद्धती खुली आहे. संगणकशास्त्र, भाषाशास्त्र व विधी ह्या तीन विभागांतील प्रत्येकी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल एवढे हे काम आहे. आणि प्रारंभासाठी खरेदीखताचा एकच नमुना, सहा-सात टंकसंचांत टंकलेला, पुरेसा होईल.